बिननावाचं पातेलं

आमच्या वसाहतीत आता घरटी एक शिडी आहे. गच्चीवरून खाली पाहिलं की दिसतात, प्रत्येकाच्या जिन्याखाली एक, ॲल्युमिनियमची, धूळ खात उभी. दिवाळीच्या आधी जळमटं काढायला बाहेर येतात आणि पुन्हा आत जातात. भिंतीला भोक पाडायचं यंत्रही घरोघर आहे. किती भोकं पाडतो माणूस आयुष्यात? मी हे बोलले की सून हसते. म्हणते, आई, आता कुणाकडं काही मागायला जायचं म्हणजे कसंतरीच वाटतं. त्या ‘कसंतरीच’चा मला राग येतो. मागायची लाज वाटावी आणि अडगळ साठवायची वाटू नये, हे आपल्याला कुणी शिकवलं?

पुढचा समाज कसा असावा यावर शहरात व्याख्यानं होतात. गुडघे चालत होते तोवर मीही जायची, मागच्या रांगेत बसायची. कमी वापरा, पृथ्वी जपा, एकमेकांना धरून राहा, असं सांगत. खोटं काही नव्हतं त्यात. पण वक्ते घरी गेल्यावर काय करायचं ते कुणी सांगत नसे. मला कुणी विचारलंच असतं तर मी एक खोली सांगितली असती. पत्र्याची, वसाहतीच्या पाण्याच्या टाकीखालची. ती खोली आम्ही चालवली आणि ती चालली. हे चालणार नाही म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत, आणि त्या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे की चाललं होतं, मी तिथं होते.

आमचे हे त्या खोलीला ‘रशिया’ म्हणत. जेवता जेवता सांगायचे, अगं, पंख्याला तेल द्यायचंय, जरा रशियातून शिडी आण. पुढं सगळी वसाहतच तसं म्हणायला लागली. पण कल्पना रशियाची नव्हती, माझीही नव्हती. माझ्या आईची होती.

पोलीस ॲक्शननंतर जुन्या शहरात आमच्या गल्लीतली काही घरं बंद झाली. कोपऱ्यावरच्या घरातली माणसं हैदराबादकडं निघाली आणि जाताना लग्नाकार्यातल्या दोन तांब्याच्या देगा माझ्या आईजवळ ठेवून गेली. परत येऊ म्हणाली. मी तेव्हा परकरी पोर. आईनं त्या देगा कोनाड्यात झाकून ठेवल्या नाहीत. ज्याच्या घरी कार्य निघेल त्याच्या घरी त्या जायच्या, मग तो कुणीही असो. वर्षाकाठी कल्हई मात्र आईच करून घ्यायची. ती माणसं आली नाहीत. मला हे गोड करून सांगायचं नाही. ती भिऊन गेली होती, आणि त्यांच्या देगांत शिजलेलं आमची गल्ली जेवली. आई ते कधी विसरली नाही. पण तिच्याकडून मी एवढं शिकले की मोठं भांडं एका घराचं असायची गरज नसते.

नंतर कारखाने आले, आणि जालन्याच्या रस्त्याला आमची वसाहत उभी राहिली. कुणी वैजापूरकडचं, कुणी पैठणचं, कुणी जुन्या शहरातल्या भाड्याच्या खोलीतून आलेलं. मी पाटबंधारे खात्यात टंकलेखक होते. घरं एवढीएवढीशी, आणि प्रत्येक जण हप्त्यानं काहीतरी आणत होता. एका बारशाला माझ्या लक्षात आलं की गल्लीतल्या प्रत्येक बाईला एक मोठं पातेलं हवंय, आणि ते ठेवायला एकीच्याही घरात जागा नाही. मी शेजारच्या आपाशी बोलले. तिचा नवरा शिंपी, ती स्वतः शिवणाच्या क्लासला शिकवायची, आणि माझ्यापेक्षा तिचं डोकं थंड. तिनं दुसऱ्या दिवशी आपलं शेवयांचं यंत्र आणून माझ्या ओट्यावर ठेवलं. म्हणाली, लेव, शुरू करो.

तशी टाकीखालची ती रिकामी खोली भरत गेली. शिडी, सतरंज्या, परात, झारे, कुदळ, फावडं, गॅसबत्ती, आजाऱ्यासाठी चाकाची खुर्ची. ज्याला लागेल त्यानं न्यावं, काम झालं की धुऊन-पुसून आणावं. दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. कोण काय घेऊन गेलं हे लिहायला वही ठेवा असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी नाही म्हटलं. मी दिवसभर कचेरीत असल्याच वह्यांवरून टंकत होते. वही आली की तिच्यामागून वही सांभाळणारा येतो, मग त्याला विचारावं लागतं, मग तो नाही म्हणायला शिकतो. हे मी रोज डोळ्यांनी बघत होते.

वसाहतीच्या अध्यक्षांचं आणि माझं पहिलं वाजलं ते मटणावरून. ते महसुलात होते, घरची शेती मोठी, स्वभावानं वाईट नाहीत पण प्रत्येक गोष्टीला रकाना हवा. पुरणाचं पातेलं आणि मटणाचं पातेलं वेगळं असावं, असं त्यांनी सभेत मांडलं. मी तोंड उघडायच्या आत आपा उठली. म्हणाली, “आज पतेला अलग करे तो कल नल भी अलग करना पडता. मेरेकू दो वखत की खटपट नक्को.” लोक हसले आणि विषय तिथंच संपला. चार-दोन घरांनी त्या दिवसापासून खोलीकडं पाठ फिरवली. फिरवू दे म्हटलं. भांडं घासलं, राखेनं, चिंचेनं, वर विस्तवावर चढवलं, त्यानंतरही ज्याला विटाळ दिसतो त्याच्या डोळ्यांना औषध मी कुठून आणू?

खरी अडचण नावांची होती. आपल्याकडं वाटीसुद्धा नाव घातल्याशिवाय फळीवर चढत नाही. भांड्याच्या दुकानात ते नाव कोरायचं यंत्र टर्र टर्र वाजल्याशिवाय खरेदी झाल्यासारखं वाटत नाही. खोलीतल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव होतं. मग व्हायचं काय, की मुलीचा साखरपुडा असायचा, पाहुणा वाढप्याच्या हातातलं भांडं बघायचा, नाव वाचायचा आणि बायकोच्या कानाला लागायचा. उसनं आणलंय. ज्याच्या घरी कार्य, त्याची मान खाली. देणाराही काही कमी नसे. माझ्या नावाचं ओगराळं त्यांच्याकडं गेलं तेव्हा कुठं त्यांची पंगत उठली, हे तो पुढं वर्षभर सांगत फिरायचा.

मी सभेत म्हटलं, सगळी नावं काढून टाकू. कुणाचंच नाव नको. ज्याच्या घरी कार्य असेल, ते संपेपर्यंत भांडं त्याचं. एवढा एकच नियम.

गदारोळ झाला. त्यातही अध्यक्षांचं दुखणं खरं होतं. त्यांनी दिलेलं पातेलं खोलीतलं सगळ्यांत मोठं, तांब्याचं, कानांत कड्या घातलेलं, आणि त्याच्या गळ्याभोवती वडिलांचं नाव आणि ‘यांच्या स्मरणार्थ’ अशी अक्षरं होती. वडील गावात दुष्काळी वर्षी घरासमोर चूल पेटवून लोकांना जेवू घालणारे. मला ते ठाऊक होतं. मी त्यांना म्हटलं, ज्यांना तुमचे वडील वाढत होते त्यांना ते नाव विचारून वाढत होते का? हात वर करायची वेळ आली तेव्हा त्यांनी हात वर केला नाही, खालीही ठेवला नाही, कानाशी नेऊन थांबवला. ठराव झाला. मी आणि आपा हातगाडीवर भांडी घालून कासारी बाजारात गेलो. तांबटानं नावांवर हातोडी चालवली, सगळीकडं सारखे ठोके पाडले, वरून कल्हई करून दिली. त्यानंतर अध्यक्ष कधी खोलीत आले की त्या पातेल्याच्या गळ्यावरून बोट फिरवत. मी बघितलं की माझं मला नकोसं व्हायचं. पण ठराव मी मागं घेतला नाही, आजही घेणार नाही.

मग समोरच्या वहिनींच्या मुलीचं लग्न निघालं. वहिनींचा नवरा कारखान्यात पाळीवर, माणूस अबोल, वहिनी त्याहून अबोल. मुलगी बारावी झालेली, हसरी. सोयरीक कन्नड गावची, उसाचं रान असलेली. लग्न वसाहतीच्या मोकळ्या जागेत लागलं. खोलीतलं यच्चयावत सामान बाहेर आलं होतं. आम्ही बायकांनी आदल्या दिवशी मोठं पातेलं चिंचेनं असं घासलं की नवं वाटावं. पंगती उठल्या, कुणाची मान खाली गेली नाही, विहीणबाईंनी भाताचं कौतुक केलं, आणि मोठं पातेलं आम्ही पुन्हा तसंच घासून रुखवताशेजारी वाळत घातलं. मला वाटलं, हेच. असंच असायला हवं सगळीकडं.

दुसऱ्या दिवशी आपा भांडी आत लावत होती. मोठं पातेलं सापडेना. मंडपवाल्याला विचारलं, आचाऱ्याला विचारलं. शेवटी टेम्पोवाला सापडला. तो सरळ म्हणाला की रुखवताशेजारी जे नवं सामान होतं ते सगळं वरपक्षाच्या माणसांनी त्याच्याकडून टेम्पोत चढवून घेतलं. पातेलंही नवंच होतं ना, नाव कुठं होतं त्याच्यावर?

झालं ते एवढंच. कुणी चोरलं नव्हतं, कुणी लबाडी केली नव्हती. आपल्याकडं चकचकीत आणि बिननावाचं भांडं म्हणजे दुकानातून आलेलं, मुलीला दिलेलं. आमच्या नियमानंच आमचं पातेलं कन्नडला पोचवलं होतं.

अध्यक्ष त्या दिवशी माझ्या ओट्यासमोर उभे राहिले. ओरडले नाहीत, आणि त्यानंच मला जास्त लागलं. म्हणाले, माझ्या वडिलांचं नाव तुम्ही पुसलं, आता पातेलंही गेलं. रविवारी सभा घेतो. तोवर परत आलं तर प्रत्येक वस्तूवर नाव पडेल आणि खोलीला कुलूप लागेल. नाही आलं तर खोलीच बंद.

मी म्हटलं, सभा घ्या. पण विहिणीकडून वस्तू परत मागायची म्हणजे काय, हे मला सांगायला नको होतं. मुलगी नांदायला जाऊन आठवडा झाला नाही, आणि माहेरची माणसं दिलेलं भांडं परत न्यायला दारात. ती त्या घरात जन्मभर ‘पातेलंवाली’ म्हणून राहिली असती. वहिनी रडत माझ्याकडं आल्या आणि म्हणाल्या, नवं घेऊन देतो आम्ही, पण तिथं नका जाऊ. मी त्यांना घेऊ दिलं नाही. ज्या खोलीची भरपाई एका अबोल बाईला अंगावरचं विकून करावी लागते ती खोली मला नको होती. अध्यक्षांच्या आधी मीच तिला काडी लावली असती.

तरी आम्ही गेलो. बाजाराच्या दिवशी एसटीनं, मी आणि वहिनी, लेकीला भेटायला म्हणून. दौलताबादचा किल्ला मागं पडला. वेरूळच्या पुढं मी मनाशी पक्कं केलं की मुलीच्या तोंडाकडं बघायचं, आणि तिला बोल लागेल असं दिसलं तर चहा पिऊन परत यायचं. रविवारी मी हरले तरी चालेल.

अंगणात पाऊल टाकलं तर पातेलं चुलीवर. पाणी तापत होतं. विहीणबाई उंच, करारी, डोक्यावर पदर घट्ट. त्यांनी आम्हाला बसवलं आणि स्वतःच पातेल्याकडं बोट दाखवलं. साऱ्या गल्लीनं नावाजलंय, म्हणाल्या, असं तांबं आता मिळत न्हाई. वहिनींनी मान खाली घातली. मी चहाची वाट बघत बसले.

मुलगी चहा घेऊन आली. तिनं एकदा आईकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि तिला कळलं. कपबशा खाली ठेवल्या आणि उभ्या उभ्याच बोलली.

“आत्याबाई, हे पातेलं आपलं न्हाई. आमच्या वसाहतीचं हाय. ज्याच्या घरी कार्य असंल त्याच्याकडं ऱ्हातं. माझ्या लग्नाला आलं, अन् चुकून टेम्पोत चढलं.”

मला तिचा अभिमान वाटला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदम. विहीणबाईंनी सुनेकडं पाहिलंच नाही. माझ्याकडं पाहिलं.

“मंग नाव का न्हाई घातलं त्याच्यावर?”

वसाहतीतल्या शंभर भांडणांत मी ज्याचं उत्तर घडाघडा देत होते तोच प्रश्न. त्या अंगणात मला एवढंच सुचलं की नाव घातलं की ते एकाचं होतं, आणि बाकीचे मागणारे होतात. विहीणबाईंनी पदर सारखा केला. आज चुलीवर हाय, म्हणाल्या, आज जायचं न्हाई. राग होता की नाही ते कळेना. आम्ही उठलो. निघताना मुलगी दारापर्यंत आली, आणि मी तिचा हात धरून विचारलं की तुला काही त्रास होईल का. ती म्हणाली, “व्हईल तर व्हईल, मावशी. लोकांचं तोंड बघून खोटं भांडं घासत बसू का जन्मभर?”

येताना एसटीत मी रडले. वहिनी मात्र आता रडत नव्हत्या, खिडकीबाहेर बघत होत्या. रिकाम्या हातानं परत आलो हे गल्लीला बसथांब्यापासूनच कळलं. आमच्या यांनीसुद्धा त्या दिवशी रशियाचं नाव काढलं नाही.

रविवारी सकाळी सभा भरली. टाकीखाली सतरंज्या अंथरल्या होत्या, त्याही खोलीतल्याच. अध्यक्षांनी कुलूप आणलं होतं, नवं, किल्ल्यांसकट, आणि ते समोर ठेवून बोलायला लागले. माणसाचा स्वभाव बदलत नाही, म्हणाले. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही, आणि कुणाचंच नाही ते पहिल्या येणाऱ्याचं. ज्याचं त्याच्याजवळ असलं की भांडण नाही. माना डोलत होत्या. मी उठले. माणसाचा स्वभाव तुम्हाला कुठल्या दप्तरात सापडला, असं मी विचारलं. इतकी वर्षं बिनकुलपाच्या दारातून झारासुद्धा हरवला नाही, हा कुणाचा स्वभाव? एक पातेलं चुकून गेलं, आणि ते चुकलंय हे नव्या नवरीनं सासूच्या तोंडावर सांगितलं, हा कुणाचा स्वभाव? माझा आवाज चढला होता. चढू दे म्हटलं. लोक ऐकत होते, पण कुलुपाकडं बघत होते. सभा मी हरत चालले आहे हे मला दिसत होतं.

तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. टपावर दोरीनं बांधलेलं पातेलं. आधी वहिनींची मुलगी उतरली, मग विहीणबाई. ड्रायव्हरनं पातेलं उतरवलं, आणि त्यांनी ते सभेच्या मधोमध, कुलुपाशेजारी ठेवायला लावलं. घासलेलं होतं. वहिनी पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या.

अध्यक्षांचा चेहरा उजळला. त्यांनी पातेल्याच्या गळ्यावर हात ठेवला, विहीणबाईंचे आभार मानले आणि सभेला म्हणाले की आता हे असं पुन्हा होणार नाही, उद्याच नाव घालून घेऊ.

विहीणबाई बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, “द्यायला न्हाई आले. दाखवायला आणलं, की आमी ठिवून घेतलं न्हाई. माझ्या पुतण्याचं लगीन हाय. हे बी पायजे, अन् ह्याच्यासंगं अजून एक. सून सांगती, ज्याच्या घरी कार्य, त्याचं. कार्य माझ्या घरी हाय.”

अध्यक्ष शांतपणे म्हणाले की हे सगळं वसाहतीपुरतं आहे, बाहेरच्यांसाठी नाही. बाहेरच्या म्हटल्यावर विहीणबाईंचा पदर पुन्हा घट्ट झाला. मी आपाकडं पाहिलं. आपा आधीच खोलीकडं चालू लागली होती. मी तिच्यामागं गेले, कडी काढली, आणि दोघींनी दुसरं पातेलं ओढत बाहेर आणलं. नियम करताना आम्ही कुंपण कुठं घातलं होतं? ज्याच्या घरी कार्य, असं म्हटलं होतं. कुठल्या गल्लीतलं घर, कुठल्या गावातलं, असं कुणी म्हटलं नव्हतं. हे मी मोठ्यानं म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“आणि परत आलं नाही तर?” अध्यक्षांनी विचारलं. त्यांचा हात अजून वडिलांच्या पातेल्यावरच होता, आणि त्यांनी विचारलं मला.

मी उत्तर देणार तोच वहिनी पुढं आल्या. इतक्या सभा झाल्या, त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी त्याच पातेल्याची एक कडी धरली.

“न्हाई आलं तर तिकडं बी माणसंच जेवतील की, भाऊ.”

अध्यक्षांनी हात काढून घेतला. दुसरी कडी विहीणबाईंनी धरली, आणि दोघींनी पातेलं उचलून जीपकडं नेलं.